चौथ्या पेटीची पूजा

माझ्या नवऱ्याच्या, निरंजनच्या, हाताला कंपनीत लागलं असतं तर मी एवढी चिडले नसते. अठरा वर्षं त्याने चाकणच्या एका टूलरूममध्ये काढली. प्रेसच्या डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवायच्या, घासायच्या, एकमेकींत नीट बसवायच्या, हे त्याचं काम. तिथे बोटाला साधा ओरखडा नाही आणि शिवजयंतीच्या कमानीसाठी पत्रा कापताना मात्र, मंडळातल्या पोरांना “सरका, तुम्हाला नाही जमायचं” असं सांगत, उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं अशी कापून घेतली की आतल्या शिरा तुटल्या. डॉक्टरांनी त्या जोडल्या. आम्ही निघोज्याला राहतो. तिथून चाकणच्या दवाखान्यापर्यंत मी त्याला शिव्या घालत नेलं, आणि आणतानाही.

कंपनी बरी वागली. हात सुधारला की ट्रायल द्या म्हणाले. जमलं तर टूलरूम, नाही जमलं तर स्टोअर. मला विचाराल तर स्टोअरमध्ये काय वाईट आहे? पंखा आहे, खुर्ची आहे. पण निरंजन म्हणाला, “दुसऱ्यांना हातमोजे आणि नटबोल्ट वाटत बसू? त्यापेक्षा भिंतीवर फोटो लावून हार घाला.” आणि मग तो खरंच फोटोसारखा बसायला लागला. फिजिओवाल्या मॅडमनी दिलेला मऊ चेंडू दाबायचा नाही, मेणाच्या शेकाला जायचं नाही. डाव्या हाताने चमच्याने वरणभात खायचा आणि खिडकीतून रस्त्यावरचे कंटेनर बघत राहायचं. मी एका कंपनीत लाइन इन्स्पेक्टर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी येते. घरी हा. सांत्वन वगैरे मला जमत नाही. मी भांडी आपटायचे.

मे महिन्यात गणराज आला. हा त्याचा पिंपरीतल्या शाळेपासूनचा मित्र. हिंजवडीला आयटीत आहे आणि मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. एकटा म्हणजे, जुन्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांसोबत. जुन्या बाजारातून, परदेशातून, कुठून कुठून त्याने त्या जमवल्यात. त्या दिवशी त्याने गाडीतून एक जाडजूड डब्बा टीव्ही काढला आणि वर एक पेटी.

“वहिनी, जरा टेबल मोकळं करा.”

“काय आहे हे?”

“घरात टीव्हीला जोडून खेळायचा गेम. अगदी पहिल्या पिढीतला. आपल्या जन्माच्या आधीचा.”

“आम्हाला जन्मानंतरचेच प्रॉब्लेम झेपेनात,” मी म्हटलं. पण टेबल मोकळं केलं.

गणराजची फार वर्षांची इच्छा होती. जगात घरगुती गेम ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, पहिल्या पेटीपासून, एकेक खेळून संपवायचा. नोकरीमुळे वेळ मिळत नव्हता. “तू खेळ निऱ्या, मी बघतो,” तो म्हणाला. मला वाटलं निरंजन हाकलून देईल. पण क्रम म्हटल्यावर त्याचे कान उभे राहिले. टूलरूममध्ये प्रत्येक जॉबची एक प्रोसेस शीट असते. त्यात ऑपरेशनना एक, दोन, तीन असे नंबर देत नाहीत. दहा, वीस, तीस देतात, म्हणजे मध्ये काही घुसवावं लागलं तर जागा असावी. त्याने डाव्या हाताने चिकटपट्टीवर वेडंवाकडं “१०” लिहिलं आणि पेटीवर चिकटवलं. “दहा झाल्याशिवाय वीस घ्यायचा नाही,” तो म्हणाला.

दहा नंबरात होतं काय, तर पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. हातात एक गोल नॉब. नॉब फिरवला की पट्टी वरखाली होते आणि ठिपका परतवायचा. गणराजची अट होती की डाव्या हाताने जिंकलं तर धरणार नाही. निरंजनने उजव्या हाताचा अंगठा कसाबसा नॉबवर टेकवला. ठिपका भसाभस निघून जात होता. माझ्या सासूबाई, दुर्गाबाई, बीडकडच्या. पदर खोचून मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्यात बघायचं काय हाय रे? त्यो तिकडं जातोय, इकडं येतोय.” दोन दिवसांनी त्याच बाई सोफ्यावर मांडी ठोकून ओरडत होत्या, “आरं अडीव की! गेला बघ, गेला! झोपलास का?”

मीही सोडत नव्हते. चाळिशीचा बाप्या ठिपक्याशी खेळतोय म्हणून कंपनीत मैत्रिणींना सांगून हसायचे. मग एका संध्याकाळी जेवताना निरंजनने पाण्याची बाटली जवळ ओढली आणि टोपण फिरवून उघडलं. उजव्या हाताने. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, पाणी पिऊन बाटली ठेवून दिली. मी कोशिंबीर आणायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. कोशिंबीर केलेलीच नव्हती.

त्यानंतर मी टोमणे मारायचे थांबवले नाहीत, पण पेटीपुढे चहा ठेवायला लागले.

वीस नंबरच्या पेटीला लाकडी पट्टीचं तोंड होतं, आणि एक काठी नि एक लाल बटण. काठी इतकी ताठ की निरंजन ओठ चावायचा. तीस नंबर आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा निघाला. लहानपणी पिंपरीत दुकानात ताशी भाड्याने खेळायचे तसला, कॅसेटवाला. त्याच्या रिमोटवर दोन बटणं, आणि अंगठा एकावरून दुसऱ्यावर पटकन लोळवावा लागतो. कॅसेट चालली नाही की गणराज आणि निरंजन दोघंही तिच्यात फुंकर मारायचे. सासूबाईंना ते अजिबात खपायचं नाही. “देवापुढचा दिवा सुदीक फुंकत न्हाईत आपल्यात, आन ह्ये यंत्रात थुंकतेत!”

एकेका पेटीला बटणं वाढत होती आणि एकेक बोट कामाला लागत होतं. हे मी फिजिओवाल्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “चेंडू दाबत नव्हते ना? मग हे चालू द्या.”

पण ट्रायलचं नाव काढलं की निरंजन बहिरा व्हायचा. आधी म्हणाला, वीस संपू दे. मग तीस संपू दे. सप्टेंबरात गणराजने चाळीस नंबर आणला. खास जपानहून मागवलेली, कॅसेट घालायचं तोंड वरच्या बाजूला असलेली, त्याच्या संग्रहातली सर्वांत लाडकी पेटी. हिच्या रिमोटला वरच्या कडेलाही बटणं होती, तर्जनीने दाबायची. जाताना तो सहज म्हणाला की पन्नास आणि साठ नंबर पण तयार आहेत.

त्या दिवशी मी भडकले. “तुला खेळ संपवायचाच नाहीये! कंपनी काय जन्मभर वाट बघणार आहे?”

निरंजनने रिमोट खाली ठेवला. “नापास झालो तर?”

“तर झालास.”

“तुला सोपं आहे म्हणायला. ट्रायल दिली नाही तोवर मी टूलरूमचाच माणूस आहे, स्वप्नाली. दिली आणि हात थरथरला, की संपलं.”

मला उत्तर नसलं की फार राग येतो. मी स्कूटी काढून उगाच डी-मार्टला जाऊन आले.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात दिवाळीपेक्षा या दिवसाचा थाट मोठा. कंपनीत मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, प्रेसला नारळ फोडतात, घरच्यांना बोलावून पेढे वाटतात. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, हत्यार उचलायचं नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाची ती सुट्टी. सासरे भोसरीत लेथवर होते, तेव्हापासून सासूबाई हे कसोशीने पाळतात. घरातलं पोळपाट-लाटणं सोडून बाकी सगळ्याला कुंकू लागतं. मिक्सर, शिवणयंत्र, माझी स्कूटी, गावाकडचा कोयता, निरंजनची हत्यारांची पेटी.

निरंजन या वर्षी कंपनीच्या पूजेला गेला नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा. “डोकं दुखतंय,” म्हणाला आणि पांघरूण ओढून झोपला. मी माझ्या कंपनीतली पूजा उरकून, अर्धा नारळ घेऊन दुपारी घरी आले, तर तो चौरंगापुढे उभा होता. झोपेतून उठलेला, केस विस्कटलेले, आणि चेहरा पांढरा पडलेला.

चौरंगावर कानशी, स्क्रू ड्रायव्हर, चिमटे ओळीने मांडलेले. मधोमध चाळीस नंबरची पेटी. तिच्या कॅसेटच्या तोंडात सासूबाईंनी हळद घातली होती, कुंकू घातलं होतं, अक्षता टाकल्या होत्या आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं होतं. चांगलं सढळ हाताने.

“आई, हे काय केलंस?”

“कामून? पूजा केली.”

“अगं, तोंडात कशाला घातलंस? वरून टिळा लावायचा ना!”

“वरनं समद्यांलाच लावलाय,” सासूबाई म्हणाल्या. “पर ह्येच्यानं तुझा हात हलाय लागला. ह्येला आतून नको व्हय? पार जिवापस्तोर पोचाय पायजे.”

निरंजन वाकून पेटीच्या तोंडात बघायला लागला. आत नाजूक पिनांची रांग असते. कुंकवाचा ओला चिखल तिथे वाळला तर पुन्हा निघणं कठीण, आणि पेटी गणराजची. आत्ताच्या आत्ता उघडायला हवी होती. तिचे स्क्रू वेगळ्याच डोक्याचे, साध्या स्क्रू ड्रायव्हरने हलत नाहीत. त्यासाठी गणराजने एक खास पाना दिला होता. तो पानाही चौरंगावर होता, कुंकू लावलेला.

त्याने हात पुढे केला तशी सासूबाई आडव्या आल्या. “न्हाई. आज हत्यार उचलायचं न्हाई. उद्या दसऱ्याला हलीव.”

“उद्यापर्यंत वाळेल ते!”

“आई, फक्त एक पाना,” मी म्हटलं.

“तुज्या सासऱ्यानं मशिनीवर उभी हयात काढली, पर ह्या दिशी साधी कातर न्हाई उचलली.”

मग सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं काहीतरी फार चुकलंय हे त्यांना तेव्हा कळलं असावं. त्या चौरंगापुढे गुडघ्यांवर बसल्या, हात जोडले. “चूक माजी हाय देवा. लेकराच्या अंगावर घालू नको.” त्यांनी स्वतः पाना उचलला, कपाळाला लावला आणि निरंजनपुढे धरला.

निरंजनने सवयीने डावा हात पुढे केला. सासूबाईंनी पाना मागे घेतला.

“उजवा.”

“आई, उजव्याने बारीक काम नाही होत माझ्याकडून.”

“देवापुढचं हाय. डाव्या हातात देत न्हाईत.”

त्या काही युक्ती करत नव्हत्या. आधीच एक नियम मोडून बसलेल्या बाईला दुसरा मोडायचा नव्हता, इतकंच. निरंजनने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली, कारण माझ्या तोंडून काहीतरी भलतंच निघालं असतं. त्याने उजवा हात पुढे केला, पाना घेतला आणि अंगठ्यात नि दोन बोटांत धरला.

पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी बसला आणि स्क्रू कुरकुरत फिरला. एकदा पहिला निघाल्यावर मग तो थांबला नाही. झाकण उघडलं. मी मोबाइलचा टॉर्च धरला. पिना लालपिवळ्या झाल्या होत्या आणि मध्ये तांदळाचे दाणे अडकले होते. “चिमटा,” तो म्हणाला. सासूबाईंनी चिमटा कपाळाला लावून दिला. “कापूस. स्पिरिट.” मी दिलं. तो एकेक अक्षत उचलून वाटीत टाकत होता. उजव्या हाताने. हात थरथरत होता, मध्येच थांबत होता, पण दाणा सुटत नव्हता.

“उजेड अडवू नकोस गं! डोकं बाजूला घे,” तो खेकसला.

हा आवाज टूलरूममधला. नव्या पोरांवर खेकसतो तो. फेब्रुवारीपासून मी तो ऐकला नव्हता. मी निमूट डोकं बाजूला घेतलं, आणि मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, मी निमूट काहीच करत नाही.

पिना पुसल्या, वाळवल्या, झाकण बसवलं, स्क्रू परत आवळले. बटण दाबलं तर पडदा रंगांनी भरून गेला. सासूबाईंनी टाळी वाजवली. निरंजनने रिमोटला हातही लावला नाही. तो आपल्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि दोन्ही बोटं कुंकवाने रंगली होती. मग त्याने मोबाइल घेतला आणि टूलरूमच्या फोरमनला, नवनाथभाऊंना, फोन लावला. सणाच्या शुभेच्छा झाल्या. मग तो म्हणाला, “भाऊ, माझी ट्रायल कधी घेताय?”

पलीकडून बहुतेक विचारलं असावं, जमेल का.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “नाही जमलं तर स्टोअरमध्ये बसेन. पण आधी हात बघा तरी माझा.”

सोमवार ठरला. फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि तोंड वाकडं करत म्हणाला, “अंगठा जाम दुखतोय राव.”

“दुखणारच,” मी म्हटलं. “काम केलंय त्याने.” आणि त्याचा तो रंगलेला हात दोन्ही हातांत घेऊन, सासूबाई बघत असताना, चोळत बसले.