मांजर आणि शेवटची भिंत

आमच्या हिनं एकदा कॉम्प्युटरवर मांजर जन्माला घातलं आणि त्या मांजरानं मला जन्मभर छळलं. हसू नका. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस मी. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, पण बिघडलेली वस्तू माझ्यापुढं फार वेळ अकड दाखवू शकली नाही. एक ते मांजर सोडून.

झालं असं, की एका गिऱ्हाइकानं दुकानात एक कॉम्प्युटर आणून टाकला आणि तो बाबा पुन्हा फिरकलाच नाही. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर रबरी बटणांची पाटी. पडदा नाही, काही नाही. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. मी तो चालू करून ठेवून दिला, तर हिनं उचलला. बेसिक नावाची त्याची भाषा होती, ती सोबतच्या पुस्तकातून स्वतःच शिकली. ओळींना नंबर द्यायची. दहा, वीस, तीस.

म्हटलं, "अगं, मधले नंबर काय उंदरांनी खाल्ले?"

"अहो, मागाहून काही सुचलं तर घुसवायला जागा नको? तुमच्यासारखं बोलून झाल्यावर विचार करायची सोय नाही यात."

तर हिचा खेळ असा. पडद्यावर फुलीएवढं मांजर. समोरून भिंती सरकत येणार, प्रत्येक भिंतीत एक दार, त्यातून मांजर काढायचं. धडकलं की पडद्यावर 'म्याव' उमटायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. शेवटची भिंत ओलांडली की काहीतरी दिसणार होतं. काय, ते ही सांगेना.

"जिंका. मग कळेल."

चोरून प्रोग्राम उघडून बघितला. शेवटचं वाक्य बयेनं आकड्यांत लपवलेलं!

दुकानात दुरुस्तीला आलेला प्रत्येक टीव्ही मी त्या मांजरावर तपासायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "काका, झाला का आमचा टीव्ही?" मी मान वर न करता म्हणायचो, "टेस्टिंग चालू आहे." एक बाई काउंटरवर टेकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "टीव्ही राहू दे, आधी ते मांजर पलीकडं न्या." पण शेवटच्या भिंतीला दारच नसायचं! वर जा, खाली जा, बटणं बडव. म्याव.

"तुझा प्रोग्राम चुकलाय," मी म्हणायचो.

"प्रोग्राम बरोबर आहे. चुकताय तुम्ही."

मग लेक झाली. हिला बसच्या ऑफिसात प्रोग्राम लिहायची नोकरी लागली. तिथं कपाटाएवढी मशिनं आणि कोबोल नावाची भाषा. ही म्हणायची, "या भाषेत चिमणी उडाली म्हणायचं तरी आधी पानभर चिमणीची ओळख करून द्यावी लागते." आमची पाटी फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेली. मी मात्र अधूनमधून जेवता जेवता विचारायचो, "शेवटी काय दिसतं गं?" ही नुसती भात वाढायची.

आणि परवा लेकीनं बॉम्ब टाकला. ती शिकवते त्या कॉलेजात जुन्या यंत्रांचं काचेचं कपाट करताहेत, तर आपली पाटी आणि कॅसेट त्यांना द्यायची. रविवारी दुपारी तिची मैत्रीण न्यायला येणार.

"न्या की," ही म्हणाली. इतक्या सहज, जशी रद्दीच द्यायचीय!

मांजर काचेमागं गेलं की खेळ खलास. म्हणजे रविवारी दुपारपर्यंतच काय ती संधी.

रविवारी सकाळी आंघोळीलाही न जाता बसलो. जुना टीव्ही काढला. टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून गुळासारखा झाला होता, तो बदलला. आवाज वाचणारं हेड जरा वाकडं होतं, ते स्क्रू फिरवून सरळ केलं. नव्यासारखं चकाचक! मग घरात आरोळी ठोकली, "लोडिंग!"

ही आमच्या घराची रीत. लोडिंग म्हटलं की मिक्सर बंद, पंख्याच्या बटणाला हात नाही, नाहीतर कॅसेटचं वाचन बिघडतं. लेक लहानपणी शिंकसुद्धा दाबून धरायची. आत्ताही बघतो तर हातात वाटण घेऊन गुमान उभी!

कॅसेट किरकिरली, चिरकली, आणि पडद्यावर आलं, एरर. पुन्हा एरर. पुन्हा. "गेली गं कॅसेट. मेलं मांजर."

ही चष्मा पुसत आली. "टेपमध्ये काही सुधारलंत का?"

"सुधारलं म्हणजे? हेड वाकडं होतं, सरळ केलं."

"अहो शहाणे, मी रेकॉर्ड केलं तेव्हा ते वाकडंच होतं ना! वाकड्यानं लिहिलेलं वाकड्यालाच वाचता येणार."

लेक खो खो हसत म्हणाली, "म्हणून तुमचं दोघांचं जमलं."

मी स्क्रू उलटा फिरवत गेलो, कान लावून. किरकिर आधी घोंगडं पांघरल्यासारखी बसकी होती, ती हळूहळू धारदार झाली, कानात सुईसारखी घुसायला लागली. तिथंच थांबलो. आणि पडद्यावर आलं की हो मांजर! मी टाळ्याच पिटल्या.

मग काय, बसलो खेळायला. म्याव. म्याव. बोटं जाड झालीत, बटणं कडक झालीत. ही मागं बसून शेंगा सोलतेय आणि गालात हसतेय. दुपार झाली. कसाबसा शेवटच्या भिंतीपाशी पोचलो, वर-खाली, वर-खाली, आणि तेवढ्यात दारावरची बेल.

"आली वाटतं मैत्रीण," लेक उठली.

"थांब! उघडू नकोस!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो. हात बटणांवरून निघाले. मांजर जागच्या जागी उभं राहिलं. आणि भिंतीत आपोआप दार उघडलं!

माझे हात तसेच वर.

"एवढंच करायचं होतं," ही म्हणाली. "जरा स्वस्थ बसायचं. तुम्ही बटणं बडवताय तोवर ते दार उघडतच नाही."

मांजर पार झालं. पडदा पुसला गेला आणि एकेक अक्षर उमटायला लागलं. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. 'चहा हवा का? हो की नाही?'

मी हो दाबलं.

'मग उठा. दोघांचा करा.'

लेकीनं एव्हाना दार उघडलं होतं; ती आणि दारातली मैत्रीण हसून हसून भिंतीला टेकल्या. मी म्हटलं, "आणि नाही दाबलं असतं तर?"

"दोन्ही रस्ते त्याच ओळीवर आणून सोडलेत," ही म्हणाली. मग मला खुर्चीतून उठवून स्वतः बसली आणि मधल्या एका रिकाम्या नंबरावर ओळ घुसवली. शेवटचा भाग तेवढा पुन्हा चालवला. 'चौघांचा करा.'

गेलो बापडा स्वयंपाकघरात. आधण ठेवलं आणि ओरडलो, "साखर कुठंय गं?"

बाहेरून तिघी एका सुरात म्हणाल्या, "म्याव!"