दहाही बोटं निळी

रंगारणीची बोटं बावीस वर्षांत माणसाच्या रंगाची झाली नव्हती. लग्न होऊन आली आणि सासूने तिचे हात कापड रंगवायच्या पिंपात घातले, तेव्हापासून ती कोपरापर्यंत निळी. त्याचं तिला काही नव्हतं. डोकं फिरायचं ते दारातल्या निळ्या, कुजक्या डबक्यामुळे. दर निवडणुकीला नगरसेवक नाकाला रुमाल लावून यायचा. "वहिनी, गटार झालंच समजा!" आणि रंगाऱ्यांच्या मतांशिवायच निवडून यायचा. कारण गल्लीतले मर्द मतदान केंद्रावरून दर वेळी हात हलवत परत यायचे आणि मुकाट्याने पिंपाशी उभे राहायचे. नेभळट कुठले!

या वेळी ती स्वतःच गेली.

टेबलामागचा बाबू म्हणाला, "बोट दाखवा. हं. शाई लागलीय. तुमचं मत देऊन झालंय."

"कुठल्या बोटाला लागलीय?"

"सगळ्याच."

"म्हणजे दहा मतं देऊन आले का मी? आणि ही कोपरापर्यंतची कसली, पुढच्या निवडणुकीची?"

रांग खो-खो हसली. बाबूच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "नियम आहे. स्वच्छ बोट घेऊन या."

स्वच्छ बोट! म्हणजे राज्य कुणाचं ते ठरवायचं, तर आधी हाताला काम लागलेलं नसावं.

ती तणतणत घरी आली. दीर म्हणाला, "सोडा ना वहिनी. एका मताने काय होणार?"

"भावजी, अक्कलही पिंपात पडली का तुमची?"

तिने रंगकाटाचा डबा उघडला. बिघडलेल्या कापडाचा रंग उतरवायचं ते जहाल औषध. त्यात डाव्या हाताचं बोट घातलं. कातडी चरचरली, सोलली, पण बोट पांढरं निघालं.

"बघताय काय? घाला बोटं!" ती डबा घेऊन गल्लीभर ओरडली.

गल्लीतली त्रेचाळीस माणसं सोललेली बोटं घेऊन रांगेत उभी राहिली. बाबूने एकेका पांढऱ्या बोटाला शाई लावली.

नगरसेवक एकोणतीस मतांनी पडला.

आठवड्याने नवा आला. कोरा सदरा, डबक्यावरून टुणकन उडी, नाकाला रुमाल. "वहिनी, गटार झालंच समजा!" म्हणत त्याने हात पुढे केला.

तेच वाक्य. तोंड तेवढं बदललेलं.

रंगारणीने पिंपातून ओले हात काढले आणि त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. बराच वेळ. सोडला तेव्हा तो मनगटापर्यंत निळा झाला होता.

"हे... हे निघतं ना?"

"निघतं की. रंगकाट आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "गटारातून पाणी वाहायला लागलं की या."