पावणेबारा इंच

मित्रांनो, मी एका शिंप्याची जुनी टेप. साठ इंच लांब, बोटभर रुंद, एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. वयाने पिवळी पडले आहे, पण खोटं बोलणं मला अजून जमलेलं नाही. 'मागच्या वर्षीचंच माप धरा,' म्हणणाऱ्या भल्याभल्यांच्या पोटाला मी विळखा घातला आहे आणि खरा आकडा सांगून त्यांचे चेहरे पाडले आहेत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कापडाची लांब पट्टी, तिच्यावर रंगाचा चकचकीत थर, त्यावर छापलेले आकडे आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेल्या पितळी पट्ट्या. शेवटी एक तपासनीस बाई प्रत्येक टेप पोलादी पट्टीशेजारी ठेवून बघायच्या. केसाएवढा फरक दिसला की टेप टोपलीत! मी पहिल्या फटक्यात पास झाले. माझा तोरा सुरू झाला तो तिथून.

पुढची पंचवीस वर्षं मी मालकांच्या गळ्यात राहिले. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या दारात मालकीणबाईंचं काज-बटणांचं टेबल. मालक माप घ्यायचे, आकडा मोठ्याने सांगायचे आणि मालकीणबाई वहीत उतरवून घ्यायच्या. दुसऱ्यांदा माप घेणं मालकांना कमीपणाचं वाटे. 'एकदा घेतलं म्हणजे घेतलं,' असं ते ऐटीत म्हणायचे. गिऱ्हाइकं वाहवा करायची आणि मीही फुशारायची. आता कळतं, आम्हां दोघांना जरा जास्तच चढली होती.

त्यांची मुलगी लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी दुकानभर गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे बॉबिन म्हणत. ती पंधरा वर्षांची असताना मालकांनी काजं करायचं एक जुनं जर्मन मशीन घेतलं. त्याच्यासोबत आलेली माहितीपुस्तिकाही जर्मनमध्ये होती. मशीन काजं कसली करतंय, कापड कुरतडत होतं! मालकांनी वैतागून ती पुस्तिका टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. बॉबिनने ती ओढून काढली, वाचनालयातून शब्दकोश आणला आणि अकरा दिवस ती एकेका ओळीशी झटापट करत राहिली. बाराव्या दिवशी तिने मशीनचा एक स्क्रू अर्धा फेरा मागे फिरवला आणि स्वच्छ, देखणं काज पडलं. मालक बराच वेळ त्या काजावरून बोट फिरवत होते. आपण जर्मनच शिकणार, हे बॉबिनने त्याच दिवशी जाहीर केलं.

तीन वर्षांनी तिला विद्यापीठाच्या भाषा विभागात प्रवेश मिळाला. मग कापड बेतायच्या टेबलावर तिच्या शिक्षणाचा बेत सुरू झाला. मालकांनी खाकी कागदावर खडूने चार चौकोन आखले. पहिली दोन वर्षं व्याकरण आणि संभाषण, तिसरं वर्ष जर्मनीतल्या विद्यापीठात, चौथ्या वर्षी परत येऊन भाषांतर. तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवून बॉबिनच्या आत्याने विचारलं, की तिथे गेल्यावर ही परत येईल कशावरून? मालकीणबाई म्हणाल्या, आधी जाऊ तर दे.

पण चारही चौकोन एका खोलीवर अडले होते. संभाषणाचा सक्तीचा तास संध्याकाळी सातला सुटायचा आणि आमच्याकडची शेवटची बस सहालाच निघायची. वसतिगृहात खोली मिळाली तरच जर्मन, नाहीतर गावातल्या कॉलेजात वाणिज्य. शिवाय त्या वसतिगृहाचा तिसरा मजला भाषा शिकणाऱ्यांचा होता. तिथे संध्याकाळी सातनंतर जो तो आपापल्या शिकायच्या भाषेतच बोलायचा, आणि ज्याच्या तोंडून घरची भाषा निसटेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. बॉबिनला हा नियम फारच आवडला. पहिला महिनाभर पोरीचे हात पाण्यातच राहणार, असं भाकीत मालकीणबाईंनी केलं.

वसतिगृहाचा अर्ज बॉबिननेच भरला. 'घरापासूनचे अंतर' हा रकाना आला तेव्हा मात्र मालकांनी पेन काढून घेतलं. मापाचं काम, मग ते दुसरं कोण करणार? तेव्हा रस्ते सांगणारे फोन कुणाच्या खिशात नव्हते. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला. माझं एक टोक आमच्या दुकानावर ठेवलं आणि मला सरळ ताणून विद्यापीठापर्यंत नेलं. नऊ इंच. एका इंचाला चार किलोमीटर, म्हणजे छत्तीस. मालकांनी ठसठशीत अक्षरात छत्तीस लिहिलं आणि मला गळ्यात टाकलं. दुसऱ्यांदा बघायचा प्रश्नच नव्हता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. चाळीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खोली देता येत नाही. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे.

घरात कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. नियम तो नियम, असं मालक म्हणाले आणि त्यांनी खाकी कागदाची घडी घातली. बॉबिनने वाणिज्यचा अर्ज आणून ठेवला. शब्दकोश वाचनालयात परत केला. तिचं फिरणंच थांबलं हो. मला त्या चार दिवसांत गळ्यात लटकणंही जड झालं होतं.

पाचव्या दिवशी एका कोटाची बाही बेतायची होती. मालकांनी ते काम मुद्दाम बॉबिनकडे दिलं, तेवढंच तिचं मन रमेल म्हणून. बाही जिथे अंगाला जोडतात त्या गोल भागाला शिंपी मुंढा म्हणतात. तो मोजताना टेप सपाट ठेवून चालत नाही. ती कडेवर उभी धरायची आणि वळणावळणाने न्यायची. बॉबिनने मला तसं उभं धरलं, अर्ध्या वळणापर्यंत नेलं, आणि तिचा हात थांबला.

"बाबा, मुंढा सरळ मोजला तर काय होतं?"

"काय होणार? माप कमी भरतं. बाही बसत नाही," मालक मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

आणि मग त्यांचा पाय मशीनवरच थबकला. बॉबिन तोवर नकाशा घेऊन आलीसुद्धा. आमच्या गावातून निघालेला रस्ता तळ्याला वळसा घालतो, डोंगराच्या पायथ्याने फिरतो आणि पुलासाठी पुन्हा मागे येतो. या प्रत्येक वळणावरून तिने मला उभं चालवलं. अहाहा, काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यात खूप खांदे आणि कमरा मोजल्या, पण एवढ्या जिवाच्या आकांताने कधी चालले नव्हते. पावणेबारा इंच. सत्तेचाळीस किलोमीटर! मालकीणबाईंनी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विद्यापीठात हजर. मालकांनी स्वतःचा ठेवणीतला कोट घातला होता आणि मी त्याच्या खिशात होते. वसतिगृहाच्या कार्यालयातल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, जुना अर्ज काढला, नवा आकडा पाहिला आणि विचारलं, "एका महिन्यात तुमचा रस्ता अकरा किलोमीटरने वाढला का?"

बॉबिन काहीतरी बोलणार होती. मालकांनी तिला थांबवलं.

"रस्ता आहे तेवढाच आहे," ते म्हणाले. "माप घेताना मी चुकलो."

इतकी वर्षं या माणसाच्या गळ्यात राहिले मी. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, तेही परक्या माणसासमोर, पोरीच्या देखत. 

बाई काही इतक्यात विरघळणाऱ्या नव्हत्या. कापडी टेप धुऊन आटते, आणि आटलेली टेप जास्तीचं माप दाखवते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी टेबलातून पोलादी पट्टी काढली. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला! मालकांनी मला कधी पाण्यात पडू दिलं नव्हतं, कधी इस्त्रीजवळ ठेवलं नव्हतं, रोज दुकान बंद करताना खडूची भुकटी पुसून खिळ्याला सरळ टांगलं होतं. त्या सगळ्याची परीक्षा आता होती. बाईंनी मला पट्टीशेजारी ठेवलं. एक इंच जुळला, सहा जुळले, बाराही जुळले. तसूभर फरक नाही!

मग बाईंनी भिंतीवरचा आपला मोठा नकाशा दाखवला. त्याच्यावर एका इंचाला दोन किलोमीटर होते. त्या खुर्चीवर चढल्या आणि रस्त्याच्या वळणांवरून मला स्वतःच उभं चालवू लागल्या. साडेतेवीस इंच भरले. त्यांनी मनात हिशेब केला, खाली उतरल्या आणि अर्जावरचं 'नामंजूर' खोडून सही केली.

"तिसरा मजला, खोली सतरा," त्या म्हणाल्या. "आणि भांडी घासायची तयारी ठेव."

मित्रांनो, बॉबिनने पहिल्या महिन्यात एकवीस वेळा भांडी घासली आणि दुसऱ्या महिन्यात दोनदा. त्यानंतर एकदाही नाही. चारही चौकोन तिने पार केले. तिसऱ्या वर्षी जर्मनीला गेली आणि आत्याच्या नाकावर टिच्चून परतही आली. पदवीच्या दिवशी तिने व्यासपीठावरून जर्मनमध्ये भाषण केलं. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं. मालकांना त्यातला एक शब्द कळला नाही, पण ते शेजारच्या अनोळखी माणसाला अभिमानाने सांगत होते, की पोरीच्या कोटाचा खांदा बघा, कसा बसलाय, मी शिवलाय तो कोट. बोलता बोलता डोळे पुसायला त्यांनी खिशातून चुकून मलाच काढलं.

पुढे मालकांचे हात थरथरू लागले आणि दुकान बंद झालं. मी सहा वर्षं मोडक्या कात्रीसोबत खणात पडून होते. उंदराने माझे शेवटचे दोन इंच खाल्ले. साठाची अठ्ठावन्न झाले! कुणी विचारपूस केली नाही म्हणून मी मनातल्या मनात खूप चरफडले. मग एक दिवस बॉबिनने खण उघडला, मला पुसलं आणि आपल्यासोबत नेलं. ती आता त्याच विभागात जर्मन शिकवते आणि वसतिगृहाच्या समितीची प्रमुख आहे. तिने तिथे एक नियम करून घेतला आहे. कुठलाही अर्ज नामंजूर करण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला समोर बोलवायचं आणि सगळं पुन्हा एकदा मोजायचं.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. टेपला गाठी मारू नका, तिला गरम इस्त्रीजवळ टाकू नका, काम झालं की पुसून सरळ टांगा. आणि कुणाला 'तू कमी पडतोस' असं सांगायची वेळ आली, तर आधी दुसऱ्यांदा माप घ्या. त्यात कसला आलाय कमीपणा!

आज सकाळचीच गोष्ट. एका पोस्टमनची मुलगी आली होती. तिने अर्जात एकोणतीस किलोमीटर लिहिलं होतं. फोननेच तेवढं दाखवलं होतं म्हणे. बॉबिनने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की फोनने दाखवलेल्या वाटेत नदीवरची होडी आहे आणि ती वर्षातले सहा महिने बंद असते. रस्त्याने जायचं तर बावन्न किलोमीटर. फोनसुद्धा चुकतो, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ती मुलगी किल्ली मुठीत धरून धावतच बाहेर पडली, आणि बॉबिनने पुढचा अर्ज हातात घेतला.