जवरण्णाचा डावा हात

हासनच्या बाहेर, बेलूर रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर तीन बुलेट उभ्या होत्या. चौथी आली, तेव्हा कुणी मान वळवून बघितलं नाही.

चेलुवराजनं गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं. पाऊस सरला आणि कॉफीच्या मळ्यांवर धुकं धरायला लागलं, की दरसाल याच पंपावर जमायचं, हे कैक वर्षांचं ठरलेलं. एरवी त्याची गाडी दिसताच पुट्टराजू शिट्टी घालायचा, लोकेश पेट्रोलच्या टाकीवर ढोलकी धरायचा. आज पुट्टू साखळीला तेल देत बसला होता, ते तेल काही केल्या संपेना. लोकेशनं कॉफीच्या पेल्यात तोंड खुपसलं. आणि पहिल्या वर्षापासून सगळ्यांच्या पुढं गाडी चालवणारा जवरेगौडा, त्यांचा जवरण्णा, हातमोजे चढवत म्हणाला,

"या, चेलुवराजसाहेब. आपल्याला आवतण कुणी दिलं?"

जन्मभर 'अरे चेल्या' म्हणणारं तोंड ते. त्यातून आलेलं 'आपण' शिवीपेक्षा झोंबलं.

"दरसाल येतो, म्हणून आलो."

"दरसाल पाच गाड्या असायच्या."

"पाचवी कुठं गेली, तेच विचारायला आलोय, अण्णा. रत्नम्मावहिनीपुढं एकदा खरं बोल. बोललास, की पुन्हा तुझ्या वाटेला यायचा नाही मी."

पुट्टूनं तेलाची बाटली दाणकन खाली ठेवली. "सुरू झालं याचं पुराण!"

पाचवी गाडी सोमशेखरची. गेल्या साली चार्माडी घाटात गेला सोमू. घाटात लॉरी आडवी आली, की मागच्याला पुढचं काही दिसत नाही. मग पुढचा गडी लॉरी ओलांडतो आणि रस्ता मोकळा असला तर डावा हात मागून पुढं फिरवतो: या. मोकळा नसला तर हात खाली, पंजा मागं: थांबा. त्या हातावर मागचा माणूस डोळे मिटून जीव टाकतो. सोमूनं टाकला, आणि समोरून टँकर आला.

अकराव्याच्या जेवणाला सोमूची बायको रत्नम्मा उंबऱ्यात बसून म्हणाली होती, "माझा माणूस आंधळा होता काय? समोरचा टँकर दिसू नये त्याला?" सगळ्यांनी माना पानावर घातल्या. जवरण्णा हळूच बोलला, "मी थांब म्हटलेलं, वहिनी. त्याची घाई नडली." सोमूच्या मागची गाडी चेलूची होती. "नाही वहिनी," तो म्हणाला, "हात 'या' म्हणाला होता. मी बघितलाय."

त्या पानावरून जवरण्णा उठला तो उठलाच. बाकीचे दोघं त्याच्यामागं उठले. दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, तेव्हा मेलेल्याच्या अंगावरच माती पडते. सोमूचा बाप आता येईल-जाईल त्याला सांगतो, पोरगा बेफाम होता माझा. रत्नम्मा ते ऐकते आणि पीठ मळत राहते. ते बघवत नव्हतं, म्हणून चेलू आज आला होता.

जवरण्णा गाडीवर बसला. "यायचंय ना? चला. साहेब माझ्या मागं. तुम्हाला साक्ष द्यायची भारी हौस. आज प्रत्येक फाट्यावर तुम्ही उभं राहायचं आणि कोण कुठं गेलं ते जगाला सांगायचं."

लोकेश खिक् करून हसला.

त्यांच्यात रीत अशी होती: फाटा आला की पुढच्यानं खूण करायची, त्याच्या मागचा तिथंच थांबायचा, मागून येणाऱ्यांना वळण दाखवायचा. शेपटाची, म्हणजे सगळ्यांत मागची गाडी आली, की मगच त्यानं जागा सोडायची. शेपूट आल्याखेरीज हलला, तो त्यांच्यातला नव्हे. शेपटाला आज पुट्टू होता.

बेलूरच्या तिठ्यावर जवरण्णानं बोट खाली केलं, चेलू थांबला. लोकेश गेला. पुट्टू काही येईना. ऊन डोक्यावर चढलं, बसस्टँडवरच्या भाजीवाल्या बायका त्याच्याकडं बघून आपापसांत बोलू लागल्या. एकीनं विचारलं, "कुणाची वाट बघतोस, बाबा? नवरी पळाली काय?" तेवढ्यात फोन वाजला. लोकेश.

"साहेब, मूडिगेरेला तांदळाची अक्की रोट्टी गरम आहे. पुट्टू बसस्टँडमागच्या गल्लीतून केव्हाच आला. तुम्ही उभेच?" पाठीमागं तिघांचं हसणं.

चेलू मूडिगेरेला पोचला, तेव्हा ताटं चाटून पुसून झाली होती. पुट्टू मिशी पुसत म्हणाला, "चुकामूक झाली बघ, राजा."

"शेपूट रस्ता सोडत नाही, पुट्टू. तूच शिकवलंस मला."

"मित्र मित्राला उघडा पाडत नाही, हेही शिकवलं होतं. ते कुठं विसरलास?"

"उघडं पाडलं नाही. होतं ते बोललो."

"होतं ते!" जवरण्णानं पेला आपटला. "माझा हात खाली होता. पंजा मागं होता. तुझ्या डोळ्यांत घाटातलं धुकं गेलं आणि माझ्या नावाला काळं फासलंस. माझी बायको देवळात जायची थांबली, माहीत आहे? पायऱ्यांवर बायका कुजबुजतात."

"मग वहिनीपुढं शपथ घे. सोमूच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घे."

जवरण्णा हातमोजे चढवू लागला. हॉटेलवाला भांडण बघून उगाच दुसऱ्यांदा टेबल पुसायला आला आणि तसाच परत गेला. बाहेर जवरण्णानं किक मारली ती गाडीला नव्हे, चेलूच्या छातीला मारावी तशी.

मूडिगेरेच्या पुढं रस्ता मळ्यांत शिरतो. सिल्व्हर ओकची झाडं उंच, सरळ, अंगावर मिरवेल पांघरून उभी. त्यांच्या पायाशी कॉफी, कॉफीवर धुकं, धुक्यात कुठंतरी पाण्याचा आवाज. असल्या रस्त्यावर चेलू दरसाल गुणगुणायचा. आज दात दातावर होते. पुढं जवरण्णाची रुंद पाठ, आणि त्या पाठीलाही जणू तोंड होतं आणि ते शिव्या देत होतं.

कोट्टिगेहारला फाटा. डावीकडं चार्माडीचा घाट, उजवीकडं कळसा. चार्माडीकडं तोंड करता येईल अशा बरोबर जागेवर जवरण्णानं बोट रोवलं. चेलूला कळलं. तो थांबला. जवरण्णा उजवीकडं वळला, लोकेश वळला, दोघांचे आवाज धुक्यानं गिळले.

पुट्टू आला नाही.

चेलू उभा राहिला. डावीकडच्या रस्त्यावरून घाटाचा गार वारा येत होता. गेल्या साली त्याच वाऱ्यात त्यानं सोमूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मासळीच्या गाड्या वर आल्या, पर्यटकांच्या मोटारी खाली गेल्या. पुट्टूचा फोन लागेना. पुन्हा तोच खेळ, चेलू मनाशी म्हणाला. कुठल्यातरी मळ्याच्या वाटेनं गेला असेल, आता तिघं कळशाच्या वाटेवर खिदळत असतील. निघावं, तर म्हणतील, बघा, जागा सोडली, हा आपला नव्हताच. थांबावं, तर वेड्यात काढतील. दोन्हीकडून तेच. राग आणि हट्ट यांची गाठ पडली, आणि तो गाठीसारखाच जागच्या जागी राहिला.

बऱ्याच वेळानं उजवीकडून बुलेट आली. एकटीच. जवरण्णा. हेल्मेटची काच वर, चेहरा तांबडा.

"पुट्टू कुठंय? तिकडं वाट बघून बघून डोळे फुटले आमचे."

"मला काय विचारतोस? तूच पाठवलं असशील आडवाटेनं."

"एकदा गंमत झाली, मघाशी! आत्ता मी काही सांगितलेलं नाही."

"गंमत?"

"चेलुवराज, आत्ता तोंड वाजवू नकोस. तो शेपटाला होता आणि आलेला नाही. आणि तू इथं खांबासारखा उभा! मागं जाऊन बघावंसं वाटलं नाही?"

"जागा सोडली असती, तर हाकलला असतास मला."

जवरण्णानं हेल्मेटची काच खाली ओढली. गाडी मूडिगेरेच्या दिशेनं वळवली. चेलू त्याच्या मागं लागला. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, पण गाड्यांचं अंतर जन्माच्या सवयीनं बरोबर पडलं.

दोन वळणं गेली आणि पुढं लाकडांची लॉरी आली, मंद, ओंडक्यांनी वाकलेली. जवरण्णा डावीकडं, उजवीकडं डोकावला आणि ओलांडून गेला. लॉरीच्या पुढं त्याची गाडी दिसली, क्षणभरच, आणि त्याचा डावा हात उठला. मागून पुढं फिरला. गोल, सैल, ओळखीचा.

या.

चेलूची मूठ आपोआप पिळली गेली. गाडी लॉरीच्या बाजूला निघालीसुद्धा. आणि तिथं, ओंडक्यांच्या उग्र ओल्या वासात, त्याला सोमूची पाठ दिसली, निळ्या जाकिटाची, अशीच बाहेर निघालेली. त्यानं मूठ सोडली. गाडी परत लॉरीच्या मागं घातली.

वळणावरून बस आली. अख्खा रस्ता भरून, भोंगा ओरडत, लॉरीला घासून गेली. चेलूच्या तोंडावर तिच्या चाकांचा चिखल उडाला.

पुढं रस्त्याच्या कडेला जवरण्णाची बुलेट आडवी उभी होती. तो खाली उतरून लॉरीकडं धावत येत होता. लॉरी सरकली आणि तिच्या मागून चेलूची गाडी निघाली, तसा तो जागीच थबकला.

"हलकटा!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "मेलास वाटलं मला! मी हात केला आणि बस आली! तू निघालास असं वाटलं!"

चेलूनं गाडी बंद केली.

"काय केलंस?"

जवरण्णानं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. जसं काही कुणी दुसऱ्यानं तो त्याच्या खांद्याला शिवून दिला होता.

"आपोआप गेला रे. मला कळलंसुद्धा नाही."

"पुढं मोकळं होतं?"

"वळण होतं. दिसत नव्हतं."

"आणि गेल्या साली?"

जवरण्णा कडेच्या दगडावर बसला. मग मान खाली घालून, दगडालाच सांगावं तसा बोलला, "वळणच होतं. वर्षभर मनाला सांगतोय, हात खाली होता, हात खाली होता. रोज निजताना सांगतो. खरं वाटायला लागलं होतं मला." त्यानं मान वर केली, आणि डोळ्यांत प्रेम नव्हतं, आभार तर नव्हतेच. "मिळालं तुला हवं ते? आता दूर हो डोळ्यांपुढून."

"मला नकोच ते," चेलू म्हणाला. "ज्या घराचं आहे, त्या घरी नेऊन दे."

पुढं मळ्याच्या एका फाटकापाशी पुट्टू सापडला. पुन्हा आडवाटेनं निघून चेलूला फाट्यावर वाळवायचं, ही त्याची स्वतःची अक्कल. मळ्यातल्या तांबड्या चिखलात गाडी घसरली, घोटा गाडीखाली आला, फोन पाण्यात गेला. लंगडत, गाडी टाकून, तो फाटकापर्यंत आला होता आणि आता पाय पसरून बसला होता. दोघांना एकत्र बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अण्णा, हा का तुझ्याबरोबर?"

जवरण्णानं त्याचा घोटा बघितला, लोकेशला फोन लावला, पिकअप घेऊन ये म्हणाला. मग गाडीवर बसला.

"तू थांब याच्याजवळ," तो अंगठ्यानं चेलूकडं दाखवून पुट्टूला म्हणाला.

"आणि तू कुठं?"

"हासनला. रत्नम्माकडं."

"कशाला?"

"हात केला होता मी, पुट्टू. सोमूला 'या' म्हणालो होतो." एवढं बोलून त्यानं किक मारली. चेलूकडं बघितलं नाही. "आणि कुणी माझ्या मागं यायचं नाही. मी एकटा जाणार."

गाडीचा आवाज मळ्यातून बराच वेळ येत राहिला, एका वळणाआड गेला, दुसऱ्या वळणावर पुन्हा निघाला, आणि मग नुसतं धुकं उरलं.

पुट्टूचे डोळे भरले होते, पण जीभ अजून तिखट होती. "झालं समाधान? मोडलास माणूस."

चेलू त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसला. घोटा बुटाच्या वर सुजून आला होता.

"हात लावू नकोस मला."

"बूट काढला नाही, तर कापावा लागेल."

"कापू देत. तुझा हात नको."

"नको तर नको म्हण. शिव्या दे. काय द्यायचं ते दे," चेलू म्हणाला आणि बुटाची नाडी सोडवू लागला, अगदी सावकाश, एकेक वेढा. पुट्टू शिव्या देत राहिला, आईवरून, बापावरून, गावावरून. पाय मात्र त्यानं मागं घेतला नाही.