नव्या शाफ्टची वीस मिनिटं

"दोन्ही ठिपके समोरासमोर आलेत का, ते स्वतः बघून यायला सांगितलंय मला," असं म्हणत वहिनीने चष्मा लावला आणि ती इंजिनापाशी वाकली.

मी पान्हा आपटला. "चाळीस वर्षं हेच करतोय मी! आता दादाचा माझ्यावर भरवसा राहिला नाही?"

"माझ्यावर तरी कुठे आहे? दोनदा बघ म्हणालेत."

कॅमशाफ्टच्या दातेरी चाकावर एक ठिपका, खालच्या चाकावर एक. ते समोरासमोर नसले तर व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात आणि सगळं मुसळ केरात. जन्मात पान्हा न धरलेल्या वहिनीने ते ठिपके दोनदा पाहिले, बोट लावून पाहिले आणि निरोप घेऊन जिना चढली. दादा सहा महिने गॅरेजच्या वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होता. वहिनी म्हणजे आम्हा दोघा भावांमधला टेलिफोन.

गाडी दादाची स्वतःची. तीस वर्षांपूर्वी भंगारातून उचललेली. आधी गिऱ्हाइकांच्या, मग आपली, असं करता करता बिचारी कोपऱ्यातच राहिली. जुना कॅमशाफ्ट पार झिजला होता. नवा हाती आला तोवर डॉक्टरांनी हात टेकले होते. "एकदा तिचा आवाज कानावर पडू दे रे," दादा म्हणाला. आयुष्यात त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. मी तहानभूक विसरून कामाला लागलो.

नव्या शाफ्टचा एक नखरा असतो. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की सलग वीस मिनिटं रेस धरून ठेवायची. ती खाली आली तर शाफ्टच्या उंचवट्यांना तेल पुरत नाही आणि कोरा करकरीत शाफ्ट तिथल्या तिथे खरवडला जातो. बाकीचे मेकॅनिक रेसचा स्क्रू आवळून चहाला जातात. दादाला ते मुळीच खपत नसे. रेस हातानेच धरायची आणि कान इंजिनाकडे ठेवायचा. त्या वीस मिनिटांत आमच्या गॅरेजात कुणी कुणाला हाक मारत नसे.

अकरा वाजता मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि किल्ली फिरवली. दोनदा नुसतंच खोकलं, तिसऱ्यांदा पेटलं! असं गरजलं की भिंतीवरचे पान्हे वाजायला लागले. मी रेस धरली, घड्याळ पाहिलं आणि खरं सांगतो, मूर्खासारखा रडलो. ऐक दादा, ऐक.

बाराव्या मिनिटाला वहिनी जिन्यात दिसली. ओठ हलत होते, पण त्या आवाजात काही ऐकू येईना. मला वाटलं, साहेबांनी आणखी काहीतरी खुसपट काढलं असणार. मी मोकळा हात वर करून तिला थांबवलं. पाच बोटं दाखवली, मग तीन. आठ मिनिटं.

ती कठडा धरून जराशी थांबली आणि वळून वर गेली.

वीस झाली. वर आणखी एक मिनिट मी मुद्दाम धरलं, दादाला कमी पडायला नको म्हणून. मग हात सोडला. काय गोड चालत होतं म्हणून सांगू! इंजिन तसंच चालू ठेवून मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. "दादा! ऐकलंस का रे?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती.

"आत्ताच गेले," ती म्हणाली. "तुला हाका मारत होते."

"मला?"

"आधी म्हणाले, बोलवू नकोस, त्याचा हात सुटेल. मग स्वतःच हाका मारायला लागले. म्हणून आले होते मी खाली."

"अगं, मग ओढून आणायचंस ना मला!"

"तू थांब म्हणालास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी दादाचा हात हातात घेतला. दुखण्यात धुऊन पुसून तो गोरा पडला होता. नखांत काळं म्हणून नव्हतं. इतका स्वच्छ हात मी त्याचा कधीच पाहिला नव्हता. माझ्या बोटांचं तेल त्याच्या तळव्याला लागलं, तसा मी गडबडून हात मागे घेतला.

वहिनीने उशाशी ठेवलेला ओला टॉवेल उचलला. त्या काळ्या डागांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने टॉवेलची घडी घातली आणि तो परत जागेवर ठेवला.