दाबातलं पुस्तक

इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीसारखं दुकान उघडलं, तेव्हा लेकीने कपाळाला हात लावला.

"आज तरी घरी बसा."

"घरी बसून काय करू? डोक्यातली गाठ कुरवाळू?" असं म्हणून त्यांनी खळीचा डबा पुढे ओढला.

चाळीस वर्षं बाबा पुस्तकं बांधत होते. अरुंद दुकान, खिडकीशी लांब टेबल, कोपऱ्यात लोखंडी दाब. वरचा मोठा स्क्रू फिरवला, की दोन जाड फळ्यांमध्ये पुस्तक घट्ट बसायचं. लेक या टेबलाखाली बसूनच वाचायला शिकली. गिऱ्हाइकांची सुटी पानं हाताला लागतील तशी वाचायची. त्यामुळे कितीतरी गोष्टींचे शेवट तिला ठाऊक होते, सुरुवाती नव्हत्या.

दुखणं पहिल्यांदा दिसलं तेही कामातच. समोरच्या छापखानेवाल्या काकांच्या दहा वह्यांची डावी कड बाबांनी तिरकी कापली होती. "काय रे, उतारावर बसून कापल्यास का?" म्हणत काका हसले. लेक मात्र चिडली होती. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणाली होती. डाव्या बाजूचं त्यांना धड दिसतच नव्हतं, हे पुढे महिन्याभराने कळलं.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो उजेडाशी धरले. "आवरणावर गाठ आहे. बहुधा साधी. कॅन्सर वाटत नाही. पण नक्की काय ते गाठ काढून तपासल्यावरच कळेल."

"शाळेत मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही," बाबा म्हणाले. "आज असायला हवे होते ते."

लेकीने त्या सगळ्यातले दोनच शब्द उचलले: कॅन्सर नाही. फोनवर, जिन्यात, ऑफिसात, जो विचारेल त्याला ती तेवढेच सांगत सुटली.

त्या सकाळी काका दुकानात डोकावले. दारातच घुटमळत म्हणाले, "पण गाठ म्हणजे कॅन्सरच ना रे शेवटी?"

"छापखाना चालवतोस आणि वाचत काही नाहीस," बाबा म्हणाले. "कॅन्सर म्हणजे पुस्तकाला लागलेली कसर. या पानातून त्या पानात, या पुस्तकातून शेजारच्या पुस्तकात, सगळं कपाट पोखरते. माझी गाठ म्हणजे पुस्तकात कुणीतरी विसरलेला पुठ्ठा. पानं खात नाही, पसरत नाही. आहे तिथे बसून असते."

"मग बसू दे की बापडीला! कापाकापी कशाला?"

"बसते, पण फुगते ना. एरवी पुस्तक फुगलं तर फार तर मिटत नाही. पण हे पुस्तक दाबातलं आहे. कवटी काय सैल होते होय?"

"लवकर ये," एवढंच म्हणून काका रस्ता ओलांडून गेले.

मग बाबांनी फळीवरून एक जुनं पुस्तक काढलं. लेकीचं लहानपणीचं, गोष्टींचं. वाचून वाचून पाठ निखळलेलं. बाइंडरच्या घरची पुस्तकंच उघडी, असं ती तीस वर्षं टोमणे मारत आली होती. बाबांनी ते शिवलं, कडा कापल्या, पुठ्ठे चिकटवले आणि दाबात घातलं. स्क्रू फिरवताना, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं,

"तुला भीती वाटते का गं?"

"कॅन्सर नाहीये ना? मग भीती कसली!" ती म्हणाली. "आठ दिवसांत घरी याल."

बाबांनी स्क्रूला आणखी एक पीळ दिला.

"बरं," म्हणाले. "मी येईपर्यंत हे सैल करू नकोस. अर्धवट वाळलेलं काढलं की पुठ्ठे वाकतात."

त्यांना धीर नको होता, सोबत हवी होती. हे तिला तिथेच, त्याच क्षणी कळलं होतं. पण ती खळीचा ब्रश धुवायला उठून गेली.

ऑपरेशन झालं, गाठ सबंध निघाली. दुसऱ्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला आणि चौथ्या दिवशी बाबा गेले.

भेटायला येणारे येत राहिले. आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, "शेवटी कॅन्सरच तो. सोडतो होय कुणाला!"

"कॅन्सर नव्हता, आत्या."

"अगं, मग गेला कसा?"

तिने समजावून सांगितलं. पसरणारी गाठ वेगळी, न पसरणारी वेगळी. पण जागा वाईट असली की न पसरणारीही जीव घेऊ शकते. आत्याने मान हलवली आणि पुढच्या पाहुणीला सांगितलं, "कॅन्सर होता." तेव्हापासून लेकीने समजावणं सोडलं. लोक उठून गेले की खुर्च्या मागे सारायच्या, पेले विसळायचे. आधी घरात बाप-लेक दोघंच राहायची. आता एकटीला सगळ्या खोल्यांचे दिवे लावावेसे वाटत नसत.

तपासणीचा कागद ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी आला. इस्पितळातल्या खिडकीमागच्या बाईंनी तो वाचून पाहिला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"ताई, तोंड का उतरलंय? चांगलाच रिपोर्ट आहे. साधी गाठ, कॅन्सर नाही. जा, वडिलांना सांगा, म्हणावं निवांत झोपा आता."

त्या बाईंचा काय दोष? त्यांच्या कागदावर फक्त गाठ होती, माणूस नव्हता.

"सांगते," ती म्हणाली.

घरी न जाता ती दुकानाकडे वळली. कुलूप उघडलं. डब्यातली खळ वाळून तडकली होती. समोर छापखान्याचं यंत्र चालू होतं; काकांनी काचेतून हात वर केला, तिनेही केला. मग दार लोटून ती दाबापाशी उभी राहिली. स्क्रू बाबांनी त्या दिवशी फिरवला होता तेवढाच घट्ट होता. तिने दोन्ही हात लावले, जोर केला. तिसऱ्या खेपेला तो हलला.

पुस्तक सरळ होतं. पुठ्ठे कुठेही वाकले नव्हते. तिने मधलंच पान उघडलं. डावीकडची कड वरपासून खालपर्यंत तिरकी होत गेली होती, आणि तळाच्या ओळींची पहिली अक्षरं कापली गेली होती. त्या दिवशी कडा कापताना तिने हेही पाहिलं होतं. बोलली नव्हती.

तिने रिपोर्टाची घडी पुस्तकात घातली आणि बाबांच्या स्टुलावर बसली.

"बाबा, साधीच होती," ती मोठ्याने म्हणाली. पुस्तक मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना, भीती वाटते का? वाटत होती. खूप वाटत होती, बाबा."