राखीव खुर्ची

सोमवारी पहाटे कंपनीची सुमो बिबवेवाडीत येऊन हॉर्न वाजवी, तेव्हा उत्कर्षा एका हातानं केसांना क्लिप लावत असे आणि दुसऱ्या हातानं मुक्ताच्या मुठीतून आपली ओढणी सोडवत असे. मुक्ता दहा महिन्यांची. पण झोपेतही पकड अशी, की एकेक बोट उघडल्याशिवाय ओढणी सुटायची नाही. मग अंधारातून सासूबाईंचे हात पुढे येत. या कुशीतून त्या कुशीत जाताना पोर हमखास जागी होई, आणि तिचं रडणं पार खालच्या फाटकापर्यंत उत्कर्षाच्या मागं येई.

नवरा दत्तप्रसाद अमेरिकेच्या घड्याळावर काम करायचा. तो नुकताच येऊन आडवा झालेला असे. उत्कर्षा ऑस्ट्रेलियाच्या घड्याळावर. "तुमच्या दोघांच्या मधी हिंदुस्थानात मी एकटीच हाय," सासूबाई म्हणत. त्या लोणी काळभोरच्या. बाळंतपणापुरत्या म्हणून आल्या होत्या त्या अजून इथंच होत्या. तिकडं घराला कुलूप, आणि परसातला शेवगा शेजारच्या वेणूबाईच्या भरवशावर.

सुनेचं काम त्यांना कधी नीट कळलं नाही. "तिथल्या विजेचे आठवड्याचे भाव काढतो आई, कुठल्या राज्यात किती गेला ते," उत्कर्षानं एकदा सांगितलं होतं.

"तिथं लाईट जाती का?"

"नाही जात."

"मग बघता काय?" लोणीत रोज तासन्‌तास लोडशेडिंग असायचं. त्यांचा प्रश्न रास्त होता.

खरं तर उत्कर्षा भावही काढत नसे. अहवाल भाग्यश्री करायची. उत्कर्षा राखीव. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर टीम लीड तौफिकनं तिला ती खुर्ची दिली होती. "आराम आहे. काही चुकलं तर पकडायचं, नाहीतर शेवटी 'ठीक' म्हणून बटण दाबायचं. सिडनीवाले जेवायला उठायच्या आत अहवाल गेला की सुटलो."

त्या अहवालात भावांच्या खाली आणखी एक रकाना असे: अँसिलरी, म्हणजे सहाय्यक सेवांचा खर्च. तारांमधल्या विजेचा एक ठोका असतो, तो ढळून चालत नाही. ढळलाच तर सावरायला काही वीजकेंद्रं नुसती तयार उभी ठेवतात. त्यांना पैसे मिळतात ते तयार राहण्याचे. "म्हणजे तूच की गं," भाग्यश्री हसून म्हणायची, "आमची अँसिलरी."

उत्कर्षा हसायची नाही. उभं राहायचं, कुठं जायचं नाही, आणि दिवसाअखेर काय केलंस म्हणून कुणी विचारलं तर सांगायला काही नाही. सोमवारच नव्हे, मधले दिवसही असेच पहाटेचे. बाळ दूध शोधायचं तेव्हा ती येरवड्यात असायची. "कुठं सोडू मॅडम, कंपनीत की जेलात? रस्ता एकच आहे," ड्रायव्हर रोज म्हणायचा, आणि रोज स्वतःच हसायचा.

पण आज शेवटचा सोमवार होता. राखीव माणसाचे पैसे कशाला मोजायचे, असं सिडनीवाल्यांनीच विचारलं होतं. तीन महिन्यांत त्या खुर्चीनं एकही चूक पकडली नव्हती. आजचा अहवाल बिनबोभाट गेला की खुर्ची रद्द. तौफिकनं शब्द दिला होता, "मग तू आपल्याकडच्या नव्या वीजबाजाराच्या टेबलावर. दहा ते सहा. माणसासारखी." सासूबाईंनी काल रात्रीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सूनबाईचं पक्कं झालं की दुपारच्या बसनं लोणी.

अहवाल समोर आला. शांत आठवडा. भाव नेहमीचे, अँसिलरीचा रकाना झोपलेला. उत्कर्षाचं बोट बटणाकडं गेलं आणि सवयीनं तिथल्या वीजबाजाराच्या सूचनांच्या पानाकडं वळलं. ती पानं कुणी वाचत नसे. हिला काम नसल्यामुळे ही वाचायची.

शनिवारी रात्री दक्षिणेकडच्या राज्याला शेजाऱ्याशी जोडणारी मोठी वाहिनी तुटली होती. राज्य तासभर एकटं पडलं. म्हणजे ठोका सावरायला जी काही तयारी हवी ती घरातूनच, मागाल त्या भावानं.

मग रकाना झोपलेला कसा?

कालच, रविवारी पहाटे, ऑस्ट्रेलियानं उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढं केली होती. गाडी लवकर येईल, अशी मेल सगळ्यांना आली होती. वीजबाजाराचं घड्याळ मात्र कधीच हलत नाही. भाग्यश्रीनं मेल वाचून इमानदारीत आकडेही तासभर सरकवले होते, आणि शनिवारचा नेमका शेवटचा तास आठवड्याबाहेर पडला होता.

उत्कर्षानं तो तास आत घेऊन पाहिला. वर्षभरात दिसला नव्हता एवढा खर्च रकान्यात उभा राहिला. तिनं तो पुसला. रकाना पुन्हा झोपला.

कळलं असतंच कधीतरी. पण आज नाही. कळेपर्यंत खुर्ची गेलेली असती, आई लोणीत शेवग्याखाली, आणि मुक्ता सकाळची जागी होऊन हिच्याच कुशीत.

"झालं का गं? दाब की," भाग्यश्री पर्स आवरत म्हणाली.

रात्री तीनतीनदा उठून पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई उत्कर्षा. गॅसचं बटण बंद आहे हे माहीत असताना जिन्यातून परत जाणारी. 'ठीक' हा शब्द तिला साधा कधी म्हणताच आला नव्हता. आज खोटा कसा म्हणणार?

"भाग्यश्री," ती म्हणाली, "बाजाराचं घड्याळ हलत नाही गं."

भाग्यश्रीनं पर्स खाली ठेवली. मग धावपळ, तौफिक, फोन, दुरुस्ती. अहवाल वेळेत गेला. सिडनीहून उत्तर आलं ते दोन ओळींचं: उत्तम. राखीव तपासणी कायम ठेवावी, याच व्यक्तीकडे.

तौफिक तिच्या टेबलाशी येऊन थांबला. "अभिनंदन म्हणू की सॉरी?"

"तुम्ही शब्द दिला होतात."

"काही झालं नाही तर, म्हटलं होतं ना." तो खाली बघत राहिला. "नाव घेऊन मागितलंय त्यांनी तुला. आता मी हलवू कसा?"

ती जिन्यात गेली. भाग्यश्री मागं येऊन काही बोलणार होती. हिनं हातानंच थांबवलं आणि घरी फोन लावला. पलीकडं मुक्ताचा आवाज नव्हता.

"रडली का हो?"

"न्हाई आज. उठली, तुझी ओढणी दिली हातात, ती घेऊन बसलीया. सवय लागली तिला." सासूबाईंचा आवाज उजळला. "तुझं काय झालं? सुटलीस?"

उत्कर्षानं सांगायला तोंड उघडलं. एक चूक सापडली होती, ती पकडली, साहेब खूश आहेत. हे सगळं ती नीट, क्रमानं सांगत गेली.

"म्हंजे चांगलं केलंस म्हणून ठेवून घेतलं," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मला बी तसंच ठेवलंय." मग पिशवीची चेन सरकल्याचा आवाज आला. "वेणूबाईला फोन करते. शेंगा काढून घे म्हणते, जून व्हायच्या आधी. तू किती वाजता येतीयास?"